'दाबा', 'भरा' की 'टाका'?

अक्कलकोट_रोड: अडलोय, जरा हात लावा. आमच्या चादर-टॉवेलच्या ऑफिसात एआय एजंट बसवलालोय, तो ब्राउझर स्वतः चालवून ट्रान्सपोर्टच्या साइटवर बुकिंगचा फॉर्म भरतो. खाली मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आहे, म्हणजे कोडमधनं ब्राउझर चालवायचं सॉफ्टवेअर. क्लिक करणं, लिहिणं अशा एकेका कामाला एकेक टूल आहे. एजंटला आतला कोड दिसत नाही, टूलचं नाव, वर्णन आणि काय माहिती द्यायची एवढंच दिसतं, त्यावरनं तो कुठलं टूल उचलायचं ते ठरवतो. वर्णनं मराठीत लिहिली कारण पुढं ती बघणारा अकाउंटवाला मराठीच वाचतो. एकाला लिहिलं 'बटण दाबतो', दुसऱ्याला 'कळ दाबतो'. फॉर्म पाठवायच्या वेळी पठ्ठ्यानं एंटर दाबलं, कर्सर पत्त्याच्या चौकटीत, तिथं नुसती नवी ओळ पडली आणि फॉर्म जागचा हलला नाही. नगांच्या रकान्यात आधीचा १ होता, टूलला मी 'आकडा लिहितो' एवढंच म्हणलेलं, त्यानं पुढं १४४ लिहिलं. ११४४ टॉवेल! नशीब शेवटचं बटण आमच्याकडं माणूस दाबतो. तर या तिन्हीला वेगवेगळे शब्द कुठले?

निवृत्त_मास्तर: टिचकी असताना क्लिक कशाला? 'दुव्यावर टिचकी मारा' हे मराठी संकेतस्थळांवर कित्येक वर्षं चाललंय. की म्हणजे कळ, कीबोर्ड म्हणजे कळफलक. वापरले की शब्द रुळतात, सावरकरांचा महापौर रुळलाच ना.

शेंगा_चटणी: सर, टिचकी आमच्यात गोटीला मारतात. आईच्या मोबाइलवर 'येथे टिचकी मारा' आलं तर तिनं खरंच नखानं मारली, काच फुटली का बघत बसली. आणि कळ एक तर पोटात येते नाहीतर दुसऱ्याची काढायची असते.

कन्नड_आजोळ: 'दाबणे' मुळात कन्नड असणार. दब्बु म्हणजे ढकलणे, आजी दाराला तेच म्हणायची.

निवृत्त_मास्तर: हिंदीत दबाना आणि गुजरातीत दाबवुं आहे, तेही तुमच्या आजीकडनं गेलं काय?

कन्नड_आजोळ: गेलं असेल की ओ, आम्ही कुणाला अडवलंय.

मागवाला: 'भरणे' बद्दल सांगतो. वडलांचे यंत्रमाग होते, लहानपणी कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरायला मीच असायचो. धोट्यातनं निघालेल्या कांडीवर थोडं सूत उरलेलं असतं, ते आधी सोलून काढायचं आणि मग नवीन भरायचं. तसंच वरनं भरलं की वडील कांडी हातात घेऊन अंगठा फिरवायचे, फुगवटा लागला की पाठीत धपाटा. म्हणजे भरण्यात आधी रिकामं करणं आलंच.

अक्कलकोट_रोड: हे पटलं भाऊ, प्लेराइटचं फिल बी असंच आहे, आधीचं पुसतं आणि नवीन ठेवतं. पण गावाच्या नावाचा रकाना आहे, तिथं एकेक अक्षर पडल्याशिवाय खाली गावांची यादी उघडत नाही, फिलनं सगळं एकदम पडलं की यादी गप्प. त्याला दुसरं टूल आहे, एकेक कळ दाबणारं. त्याला काय म्हणू?

शेंगा_चटणी: टाका म्हणा. ओटीपी टाका, पिन टाका, सगळं गाव हेच म्हणतं.

अक्कलकोट_रोड: ते करून बघितलं ताई. 'जुना आकडा काढून टाका' असं लिहिलं, माझ्या मनात काढायचा आणि नवीन टाकायचा. त्यानं काढून टाकला आणि रकाना रिकामा ठेवून पुढं गेला. चूक त्याची नाही, मराठी बरोबर वाचलं त्यानं.

पुण्यात_सोलापूरकर: मी हेच काम करते. एका शब्दात सगळं कोंबू नका, कधी वापरायचं, कधी नाही आणि झाल्यावर काय परत मिळेल ते लिहा. 'पानावरच्या बटणावर किंवा लिंकवर माउसनं क्लिक करतो. कीबोर्डसाठी हे वापरू नये.' दुसरं, 'रकान्यातला आधीचा मजकूर पुसून नवीन ठेवतो. टाइप करताना यादी उघडणाऱ्या रकान्याला चालत नाही.' आणि क्लिक ठेवा, एजंटमागच्या एआय मॉडेलनं तो शब्द टिचकीपेक्षा कितीतरी जास्त वाचलाय.

निवृत्त_मास्तर: म्हणजे यंत्राच्या सोयीनं मराठी वाकवायची.

पुण्यात_सोलापूरकर: सर, अकाउंटवाला तरी टिचकी म्हणतो का?

निवृत्त_मास्तर: त्याला कुणी शिकवलं नाही म्हणून.

शेंगा_चटणी: मागवाले भाऊ, उसाचं कांडं आणि तुमची कांडी एकच का?

मागवाला: असणार. आजोबांच्या हातमागाची कांडी बोरूचीच होती, घरात अजून दोन पडल्यात.

निवृत्त_मास्तर: कांड शुद्ध संस्कृत आहे.

कन्नड_आजोळ: काडीला आम्ही कड्डी म्हणतो. बघा आता.