व्हिमच्या विंडो पायथन ऑब्जेक्टनं हलवाव्यात की कमांडनं?

सातवी गल्ली

मंडळी, रोज व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये तीन विंडो (एकाच स्क्रीनचे कप्पे) उघडून मराठी मजकूर तपासतो. डावीकडं स्कॅनवरून ओसीआर झालेला, म्हणजे चित्रातून यंत्रानं वाचलेला, कच्चा मजकूर, उजवीकडं दुरुस्त प्रत, खाली शंकेच्या शब्दांची यादी. या विंडो स्क्रिप्टनं लावायच्या तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे कमांडची माळ: खाली जा, उंची बदल, परत वर ये. दुसरी म्हणजे व्हिमचा पायथन इंटरफेस, म्हणजे पायथन भाषेतून व्हिम चालवायची सोय. तिथं विंडो हा ऑब्जेक्ट, म्हणजे नाव देऊन धरता येणारी वस्तू, असतो आणि हाइट, विड्थ, कर्सर, बफर (विंडोत उघडलेला मजकूर), ऑप्शन्स हे त्याचे गुणधर्म. 'व्हिम डॉट विंडोज' ही यादी फिरवायची, बफरच्या नावावरून शब्दयादीची विंडो हुडकायची आणि तिची हाइट ८ करायची. आपण टाइप करत असतो ती जागा सुटत नाही.

माझं मत ठाम आहे: स्क्रिप्टमध्ये दुसरीच वाट धरावी. कमांडची माळ 'मी आत्ता कुठं उभा आहे' यावर चालते. मधेच हेल्प उघडली की तीच 'खाली जा' भलत्या विंडोत नेते आणि दुरुस्त प्रतच आठ ओळींची होऊन बसते. राजारामपुरीत पत्ता सांगताना गल्ली आणि घर नंबर सांगतात, 'इथून डावीकडं तिसरं दार' असं नाही. ऐकणारा कुठं उभा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

उद्यमनगर

पटलं नाही राव. तुमचा ऑब्जेक्ट अर्धाच आहे. विंडो फोडायला (एकीच्या दोन करायला, म्हणजे स्प्लिट) किंवा बंद करायला त्यावर मेथड, म्हणजे त्याचं स्वतःचं फंक्शन, नाही. शेवटी 'व्हिम डॉट कमांड'मध्ये स्प्लिट लिहावं लागतंच. बफर हा गुणधर्म नुसता वाचता येतो, म्हणजे त्या विंडोत दुसरी फाइल आणायलाही कमांडच. मग टळलं काय?

शिवाय आम्ही कारखान्याच्या सर्व्हरवर काम करतो. तिथल्या व्हिममध्ये पायथन असेलच असं नाही. डेबियन या लिनक्सच्या साध्या 'व्हिम' पॅकेजात ते नसतं, 'व्हिम-नॉक्स' घ्यावं लागतं. स्क्रिप्ट घरी चालणार आणि कामाच्या जागी अडकणार, ती काय कामाची? डिसेंबर २०१९ च्या व्हिम ८.२ मध्ये 'विन-एक्झिक्यूट' हे फंक्शन मिळालं आहे. विंडोचा आयडी (तिचा ओळख क्रमांक) द्या, कमांड द्या. ती त्याच विंडोत चालते आणि तुम्ही जागेवरच राहता. पायथन लागत नाही.

सातवी गल्ली

दादा, आयडी वापरा म्हणताय म्हणजे विंडो नेमकी धरावी हे तुम्हालाही मान्य आहे. पण विन-एक्झिक्यूटला कमांड मजकूर म्हणून द्यावी लागते. फाइलच्या नावात स्पेस आली की ती एस्केप करत, म्हणजे आधी खुणेचं चिन्ह लावत, बसा. ऑब्जेक्टकडून हाइट मागितली तर सरळ संख्या मिळते, तिच्यावर बेरीज-वजाबाकी करता येते.

शाहूपुरी डीटीपी

आमच्या वर्डच्या मॅक्रोत (आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये) हाच वाद रोज असतो. रेकॉर्ड केलेला मॅक्रो 'अ‍ॅक्टिव्हविंडो' लिहून ठेवतो, म्हणजे जी विंडो पुढं असेल ती. ऑपरेटरनं मध्येच दुसरी फाइल पुढं आणली की झूम तिचाच बदलतो. 'विंडोज'च्या यादीत नावानं शोधावं तर 'न्यू विंडो' केल्यावर नावाला आकडा चिकटतो आणि जुनं नाव सापडत नाही. म्हणून सुरुवातीलाच विंडो व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायची, मग पुढं कुणी काहीही उघडो. माझं मत धागाकर्त्याच्या बाजूनं.

कळंबा

सातवी गल्ली, तुम्ही मराठी मजकुराचं काम सांगताय आणि नेमका तिथंच हा इंटरफेस त्रास देतो. कर्सर हा गुणधर्म ओळ आणि कॉलम अशी जोडी आहे. ओळ १ पासून, कॉलम शून्यापासून आणि तोही बाइटमध्ये. 'कोल्हापूर' पायथन ३ मध्ये मोजा: लांबी ९. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट (अक्षर, मात्रा किंवा हलन्त असं एकेक चिन्ह) ३ बाइटचा, म्हणजे एकूण २७. शब्द संपतो तिथं कर्सर नेण्यासाठी कॉलम ९ दिलात तर तो मध्येच 'ल'पाशी जाऊन थांबतो. इंग्रजी फाइलवर ही चूक दिसतच नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. उलट व्हिमच्या स्वतःच्या भाषेत, निदान आवृत्ती ९ मध्ये, बाइटऐवजी अक्षरं मोजणारं 'सेटकर्सरकॅरपॉज' हे फंक्शन आहे. मराठीवाल्यांनी याचा आधी विचार करायला हवा.

बिंदू चौक

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये विंडो ही त्याच्या लिस्प भाषेतली स्वतंत्र वस्तू आहे. व्हेरिएबलमध्ये ठेवा, 'स्प्लिट-विंडो'ला द्या, नवी विंडो हातात परत मिळते. मेथड एकही नाही, साधी फंक्शनं. तेव्हा भांडण ऑब्जेक्ट विरुद्ध कमांड असं नाहीच. विंडो हातात धरता येते की नाही, एवढाच प्रश्न आहे. व्हिम ९.१ (जानेवारी २०२४) ही व्हिमचे निर्माते ब्रॅम मूलेनार यांना अर्पण केलेली आवृत्ती. तिच्यात क्लास (स्वतःचे ऑब्जेक्ट बनवायची सोय) आले, तरी व्हिमच्या भाषेत विंडो आयडीनंच ओळखायच्या राहिल्या.

उद्यमनगर

बिंदू चौक, हे पटलं. पण धरलेली विंडो वापरणाऱ्यानं बंद केली तर?

सातवी गल्ली

त्यासाठी ऑब्जेक्टवर 'व्हॅलिड' हा गुणधर्म आहे, विंडो अजून उघडी आहे का ते सांगणारा. हात लावण्याआधी ते तपासायचं, नाहीतर व्हिम एरर देतं. आणि हाइट ८ केल्यावर त्या विंडोच्या ऑप्शन्समध्ये उंची पक्की ठेवणारं 'विनफिक्सहाइट'ही लावायचं, नाहीतर पुढच्या स्प्लिटला 'इक्वलऑलवेज' हा ऑप्शन सगळ्या विंडो सारख्या करून टाकतं.

कळंबा यांचा मुद्दा मोठा आहे. ओळीचा कर्सरपर्यंतचा भाग यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून त्याची लांबी कॉलम म्हणून द्यायची; मी तसंच करतो, पण ते प्रत्येकानं आपापलं लिहावं लागतं, हे वाईटच. सर्व्हरवर उद्यमनगरांचं विन-एक्झिक्यूट वापरावं, तिथं माझा आग्रह नाही. स्वतःच्या मशीनवर मात्र माळ नको.

उद्यमनगर

मी दोन्हीकडं एकच स्क्रिप्ट ठेवणार. दोन प्रती सांभाळायला माणूस कुठून आणू? तुमची शब्दयादीवाली स्क्रिप्ट टाका इथं, विन-एक्झिक्यूटवर लिहून दाखवतो.