पुस्तक उघडं ठेवायचं लाकडी स्टँड घरी केलंय का? अनुभव सांगा

ज्ञानेश्वरीचं पारायण असो की एमपीएससीचा अभ्यास, जाडजूड पुस्तक उघडं धरून तासभर बसलं की मनगट भरून येतं आणि मान धरते. बाजारात स्टँडं मिळतात, पण ती सगळ्यांना एकाच मापाची. स्टँड हे वाचणारा कसा बसतो त्यावर बेतायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी माप, लाकूड, सांधा सगळं सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आई पाटावर मांडी घालून गुरुचरित्र वाचते, मोठ्या टायपाची प्रत. तिच्यासाठी 12 मिमी प्लायची 14 बाय 11 इंचांची फळी घेतली. खालच्या कडेला सागाची पट्टी, दीड इंच पुढे आलेली, म्हणजे जाड पुस्तकही नीट टेकतं. मागे बिजागरीवर टेकू, आणि टेकू सुटून मागे जाऊ नये म्हणून फळीला बांधलेली सुती दोरी. दोरीला दोन-तीन गाठी मारल्यात. जी गाठ खाचेत अडकवाल तसा कल बदलतो. चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा आईने स्वतःच गाठ बदलून घेतली, याचा मला फार आनंद आहे. पानं धरायला पट्टीवर दोन बुटक्या खुंट्या आहेत. त्या उंच ठेवू नका, पान उलटताना कोपरा अडकून फाटतो.

मिरजेहून

ताई, आमच्याकडे रेहल असते, म्हणजे कुराण ठेवायचं फुलीसारखं उघडणारं घडीचं लाकडी स्टँड. अब्बा सुतारकाम करायचे, त्यांच्याकडून शिकलो. गंमत अशी की ती एकाच फळीतून निघते. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही, बिजागरीसुद्धा त्याच लाकडाची.

सव्वा इंच जाडीचा, सरळ रेषांचा, पूर्ण वाळलेला साग घ्यायचा. गाठ असलेली फळी वखारीतच बाजूला ठेवायची, कारण नेमकी सांध्यात गाठ आली की तुटलीच. सांध्याची जागा मधोमध नसते, थोडी खाली असते: वरचा लांब भाग पुस्तकासाठी, खालचा आखूड भाग पायांसाठी. गुण्या (काटकोनी पट्टी) लावून दोन्ही बाजूंना पट्टा आखायचा आणि त्याचे पाच सारखे भाग पाडायचे. मग पटाशीने एका बाजूने एक सोडून एक भाग गोलवत आत जायचं, उलट्या बाजूने उरलेले. सगळं कौशल्य इथं आहे. घाई करून मोगरीचा जोरात ठोका दिला की कान, म्हणजे सांध्याचा एखादा भाग, उडतो. शेवटी फळी उभी धरून वरून आणि खालून जाडीच्या बरोबर मधून करवत चालवायची, सांध्यापर्यंत. फळीची दोन्ही पानं हळूच फाकवली की ती एकमेकांतून फिरतात आणि फुली उभी राहते. पहिल्यांदा उघडताना जो ‘कट्‌’ आवाज येतो, तो ऐकायला अब्बा कारखान्यातल्या सगळ्यांना बोलवायचे.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी हरिपाठासाठी माझ्याकडून अशीच करून नेली.

पैठणहून

ज्यांच्या घरी सुट्या पानांची आडवी पोथी आहे त्यांना यातलं काहीच चालणार नाही. कल दिला की पानं घसरतात. आम्ही फणसाच्या लाकडाचा बुटका चौरंग केला आणि वर अर्धा इंच उंच कड असलेली तबकासारखी फळी बसवली. कड फक्त तीन बाजूंना. वाचणाऱ्याकडची बाजू मोकळी, म्हणजे पानाखाली बोट घालता येतं. पंखा चालू असेल तर कडेचा खरा उपयोग कळतो.

ग्रंथालयात बांधणीचं काम करते

मिरजेच्या दादांच्या रेहलीबद्दल मुद्दाम लिहिते. जुनं पुस्तक सपाट, पूर्ण उघडू नये. पाठीवर ताण येतो, शिवण सैल होते, सरस तडकतो. फुलीच्या स्टँडवर ते अर्धवटच उघडतं आणि दोन्ही पुठ्ठ्यांना आधार मिळतो. ठिसूळ कागदाच्या पुस्तकांना मला तोच आकार सर्वात योग्य वाटतो. कडा मात्र रंध्याने आणि पॉलिश पेपरने गोल करा. धारदार कड कापडी बांधणी कापते, आणि ते लगेच दिसत नाही.

जर्मनीहून

इथे घरसामानाच्या मोठ्या दुकानात माप सांगितलं की फळी कापून देतात, त्यामुळे करवत नसलेल्यांनाही जमतं. मी बीच लाकडाच्या दोन फळ्या घेतल्या, दोघींना मधोमध अर्ध्या उंचीपर्यंत खाच पाडली आणि एकमेकींत फुलीसारख्या अडकवल्या. खाच फळीच्या जाडीपेक्षा केसभरच रुंद हवी, नाहीतर डुगडुगतं. मुलीचं मराठी वाचन यावरच चालतं. वापर झाला की दोन्ही फळ्या सुट्या करून पुस्तकांच्या रांगेत उभ्या राहतात.

पुन्हा मिरजेहून

पॉलिशबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश पातळ थरांनी द्या. जवसाचं तेल लावलं तर ते पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, पुस्तक ठेवू नका. कागद तेल ओढतो आणि डाग जात नाही. तेलाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. पसरून, उघड्यावर वाळवा. आणि रेहलीच्या सांध्यात पॉलिश अजिबात जाऊ देऊ नका. तिथे मेण घासा.