आधी लुळ्या हाताची बाही
वर कुणीतरी लिहिलंय, की अर्धांगवायूनंतर बाबांचं सगळं घरचेच करतात, त्यामुळे ते स्वतः काही करायलाच बघत नाहीत. आमच्या काकांचंही तेच चाललं होतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारे तज्ज्ञ) शर्टापासून सुरुवात करायला लावली. बसून घालायचा, आधी लुळ्या हाताची बाही. काढताना चांगला हात आधी. बटणांना भरपूर वेळ लागतो, काकूंचे हात शिवशिवतात, पण मध्ये पडायचं नाही! आठवड्याचं ध्येयही पेशंटनेच ठरवायचं. काकांनी निवडलं काय, तर स्वतःची दाढी (आम्हाला वाटलं होतं, जिना चढणं निवडतील). आता बीपीही स्वतःच मोजून वहीत लिहितात. फक्त बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद करू देऊ नका, त्याने पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो.