मदत हवी आहे: केळीच्या बागेतल्या वायरलेस नोडना वेगवेगळी सिक्रेट की कशी द्यायची?

नमस्कार मंडळी, मी रावेर तालुक्यातला, घरची केळी आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह आणि मातीतल्या ओलीचे सेन्सर मिळून सात नोड (वायरलेस डब्या) मीच बसवलेत, ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर) आणि लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल, ८६६ मेगाहर्ट्झवर, गेटवे (सगळ्या नोडशी बोलणारं मुख्य यंत्र) विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीत. मेसेज एईएस-१२८ या पद्धतीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतात पण की (त्या कुलपाची गुप्त किल्ली) सगळीकडे एकच, कोडमध्येच लिहिलेली, तेव्हा घाईत केलं.

मागच्या आठवड्यात बांधावरचा एक नोड चोरीला गेला, खांबावर नुसता क्लॅम्प आणि कापलेली वायर लोंबकळत होती. फ्लॅश एन्क्रिप्शन (नोडच्या मेमरीचं कुलूप) चालू नव्हतं, म्हणजे यूएसबी लावून कोणीही की वाचू शकतो आणि ती अख्ख्या बागेची की आहे. ४४ डिग्रीत कोणी दोन दिवस व्हॉल्व्ह बंद ठेवले तर बाग हातची जाईल, झोप लागत नाहीये.

आता एक्स२५५१९ वापरून डिफी-हेलमन (एकमेकांना फक्त उघड की पाठवून दोन्हीकडे तीच गुप्त की काढायची पद्धत) करायचं ठरवलंय, पब्लिक म्हणजे उघड की ३२ बाइटची, लोराच्या एका पॅकेटात आरामात बसते. पण नुसत्या डिफी-हेलमनमध्ये समोर आपलाच गेटवे आहे हे कळत नाही, मध्ये तिसराच बसून दोघांशी वेगवेगळी की जुळवू शकतो. मी पुण्याला असतो, नवीन नोड वडील नाहीतर सालदार लावतात, त्यांना लॅपटॉप जमत नाही. मग ही खात्री कशी करायची?

दुसरं, सिग्नलच्या चढउतारावरून (आरएसएसआय) दोन्हीकडे सारखीच की काढता येते असं वाचलं, केळीची पानं वाऱ्याने सारखी हलतात, त्याचा उपयोग होईल का?

प्रतिसाद:
भाऊ, आरएसएसआयचं सोडा. एसएफ १२ ला (लोराची सगळ्यात हळू सेटिंग) एक पॅकेट जायला सेकंदाच्या वर लागतो, तेवढ्यात पान हललेलं असतं, दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत आणि वारा पडला की आकडे बदलतच नाहीत, मग की कशातून काढणार?

प्रत्येक नोडची की-जोडी (एक पब्लिक, एक गुप्त) घरीच बनवा, त्यातच गेटवेची पब्लिक की टाका, फ्लॅश एन्क्रिप्शन चालू करा. नोडची पब्लिक की क्यूआर स्टिकरवर छापून डबीला चिकटवा, बाबांनी मोबाइलने स्कॅन केली की ती गेटवेच्या यादीत जायला हवी, एवढं छोटं अ‍ॅप लिहा. यादीत नाही त्या नोडला गेटवेने उत्तरच द्यायचं नाही. स्टिकरचा फोटो कोणी काढला तरी बिघडत नाही, ती पब्लिकच आहे. पुढे एखादा नोड गेला तर यादीतून तेवढाच काढायचा.

पण आधी उरलेल्या सहाची जुनी की आजच बदला, तोवर व्हॉल्व्ह हाताने चालवा.