प्रतिसाद: टाउनशिपमध्ये घर घेताना

वरती कोणीतरी लिहिलंय की जळगावात टाउनशिप घ्यायची तर क्लबहाउस आणि स्विमिंग पूल बघून घ्या. मी म्हणेन, आधी पाणी बघा. तेही मे महिन्यात, दुपारी. सोसायटीच्या गेटवर टँकर उभा दिसला तर वॉचमनलाच विचारा, रोज किती येतात आणि पैसे कोण भरतं. सेल्स ऑफिसात ते कोणी सांगणार नाही. वाघूर धरणाचं पाणी शहराला येतं हे खरं, पण तुमच्या लेआउटला महापालिकेचं कनेक्शन आहे का, की नुसती बोअर?

दुसरं, फेज, म्हणजे टाउनशिप ज्या टप्प्यांत बांधतात तो एकेक टप्पा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यात प्रत्येक फेज स्वतंत्र प्रकल्प धरला जातो आणि त्याची नोंदणीही वेगळी. ब्रोशरमधली बाग, शाळेची जागा नेमकी कोणत्या फेजमध्ये आहे, ते महारेराच्या (रेरा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर मंजूर नकाशा उघडून ताडून बघा. बहुतेकदा ती शेवटच्या फेजमध्येच असते! मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, हे बिल्डर आपणहून सांगत नाहीत.

मेंटेनन्स दर चौरस फुटावर की फ्लॅटमागे सारखा, तेही करारनाम्यातच लिहून घ्या.