आगबोटींच्या काळात नदीवरील चाचेगिरी कशी रोखली जात असे?

प्रश्न : दर्यासारंग

दक्षिण चीनमधील मोती नदी आणि तिला मिळणारी पश्चिम नदी यांवरील जलवाहतुकीबद्दल सध्या वाचत आहे. 1849 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश आरमाराने टोंकिनच्या (आजचा उत्तर व्हिएतनाम) नदीमुखाशी शॅप-ङ-त्साय या चाच्याच्या मोठ्या ताफ्याचा नाश केला. त्या मोहिमेत फ्यूरी आणि फ्लेजेथॉन या वाफेवर चालणाऱ्या नौका होत्या, आणि त्यांतील फ्लेजेथॉन ईस्ट इंडिया कंपनीची होती. वारा पडला की शिडाची जहाजे जागच्या जागी खोळंबत. आगबोट मात्र स्वतः पुढे जाई आणि इतरांनाही ओढून नेई. हे पाहता पुढच्या काळात नद्यांवरची चाचेगिरी हळूहळू संपायला हवी होती. प्रत्यक्षात 1874 मध्ये कॅन्टनहून (आजचे ग्वांगझौ) मकावला निघालेली स्पार्क, 1906 मध्ये पश्चिम नदीवरील सायनाम आणि 1914 मध्ये तायऑन अशा एकामागून एक आगबोटी लुटल्या गेलेल्या दिसतात. असे का झाले, चाच्यांना रोखण्यासाठी नेमके कोणते उपाय केले गेले आणि त्यांतील कोणते उपयोगी पडले, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर : बंदरकाठ

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथेच आहे. यांतील एकाही आगबोटीवर बाहेरून हल्ला झाला नाही. चाचे रीतसर तिकीट काढून, उतारूंच्या गर्दीत मिसळून बोटीवर चढले, ठरलेली वेळ येईपर्यंत गप्प बसले आणि मग इशारा होताच एकाच वेळी सुकाणू, इंजिनघर आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांवर तुटून पडले. चालत्या आगबोटीला वल्हवून गाठणे शक्य उरले नाही, तेव्हा चाच्यांनी पाठलागच सोडून दिला. वाफेमुळे चाचेगिरी संपली नाही, ती पाण्यावरून बोटीच्या पोटात आली.

स्पार्कवर कप्तान मारला गेला आणि बोटीवरील एकमेव युरोपीय उतारू जबर जखमी झाला. सायनामवर मॅकडोनल्ड नावाचे मिशनरी डॉक्टर प्राणाला मुकले. आगबोटीवर खलाशी मोजकेच असतात, तर खालच्या डेकवर शेकडो उतारू दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांतले वीस-तीस जण शस्त्रे बाळगून आहेत हे ओळखायचे तरी कसे? गाठोड्यात, फळांच्या टोपलीत किंवा अंथरुणाच्या वळकटीत पिस्तूल सहज लपते.

या खोऱ्यात मोठ्या आगबोटींपेक्षाही छोट्या वाफेच्या लाँचची संख्या जास्त होती, हेही ध्यानात घ्यावे. 1898 मध्ये अंतर्गत जलमार्ग आगबोटींना खुले झाल्यावर एकेक लाँच उतारूंनी भरलेला पडाव (इंजिन नसलेली मोठी होडी) दोराने मागे बांधून ओढत नेऊ लागली. मागे जड पडाव असल्याने लाँचचा वेग मंदावे, आणि अरुंद कालव्यातून जाताना दोन्ही काठांवरून तिच्यावर नेम धरता येई. पुष्कळ लाँचमालक टोळ्यांना ठरावीक खंडणी देऊन मोकळे होत, कारण पहारेकरी ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडे. अशा हप्त्यांची नोंद कुठल्या सरकारी दप्तरात होणार?

उत्तर : लोखंडी जाळी

वरील उत्तराला पूरक म्हणून बोटीच्या आत केलेल्या उपायांबद्दल लिहितो, कारण या प्रश्नाचा सर्वांत बोलका भाग तो आहे.

तायऑन ही बोट 1914 च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगहून कोंगमूनकडे (आजचे जियांगमेन) निघाली होती. उतारूंमधील चाच्यांनी हल्ला केला, तेव्हा अधिकारी आणि पहारेकरी वरच्या डेकवर अडथळे रचून लढत राहिले. त्यांना हटवता येईना, म्हणून चाच्यांनी बोटीलाच आग लावली. फार मोठी प्राणहानी झाली आणि मरण पावलेल्यांत बहुतेक साधे चिनी उतारू होते. त्याच वर्षी हाँगकाँग सरकारने चाचेगिरी प्रतिबंधक कायदा केला. सुकाणू, इंजिनघर आणि अधिकाऱ्यांचा भाग लोखंडी गजांच्या जाळीने उतारूंपासून वेगळा करणे, जाळीच्या दारांना कुलपे आणि पहारा ठेवणे, हत्यारी पहारेकरी नेमणे, आणि धक्क्यावर उतारूंची व सामानाची झडती घेणे, असा त्याचा एकूण रोख होता. हे पहारेकरी बहुधा भारतातून गेलेले असत आणि त्यांत शिखांचा भरणा मोठा होता. आपल्याकडच्या वाचकांना हा दुवा फारसा ठाऊक नसतो, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

जाळीमागची कल्पना साधी होती. पहिल्या झडपेत सुकाणू हाती लागले नाही, तर चाच्यांचा बेत फसतो. पण तिची दुसरी बाजू भयंकर होती. बोटीला आग लागली किंवा पाणी शिरले, तर कुलूपबंद जाळीपलीकडच्या उतारूंनी काय करायचे? तायऑन आगीत गेली असताना उतारूंना कोंडून ठेवणारा उपाय निवडला जावा, याचे मला आजही वाईट वाटते. शिवाय दार एकदा बेसावध क्षणी उघडे राहिले की तीच जाळी चाच्यांना आतून लढायला आड देई. अधिकाऱ्यांच्या संघटना पुढे तक्रार करू लागल्या की बोट चालवायची आणि किल्ला राखायचा अशी दोन्ही कामे मोजक्या माणसांवर टाकली जात आहेत, आणि ती तक्रार रास्त होती.

1926 च्या नोव्हेंबरमधील सनिंग बोटीचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. ती नदीवरची नव्हे, शांघायहून हाँगकाँगकडे किनाऱ्याने येणारी बोट होती. पण चाच्यांची रीत तीच, उतारू म्हणून चढण्याची. त्यांनी बोट ताब्यात घेतली, मात्र रात्री अधिकाऱ्यांनी पहाऱ्यावरील चाच्यांना अचानक गाठून सुकाणूचा मजला परत मिळवला. चाच्यांनी त्यांना धुराने हुसकावण्यासाठी आग लावली. तेव्हा अधिकाऱ्यांनी नांगर टाकला, बोटीचे तोंड वाऱ्याकडे वळले आणि ज्वाळा मागच्या बाजूला, चाच्यांच्या दिशेने वळल्या. चाच्यांना बोटीवरच्या होड्या पाण्यात उतरवून पळावे लागले आणि पुढे ब्लूबेल ही युद्धनौका मदतीला पोचली. इथे कामी आली ती माणसांची हिंमत आणि नौकानयनाचे ज्ञान. जाळीला त्याचे श्रेय देता येणार नाही.

दर्यासारंग

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. मग नदीत गस्त घालणाऱ्या गनबोटींचे काय? 1897 मध्ये वूझौ आणि सान्शुई ही बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाल्यावर ब्रिटिशांनी पश्चिम नदीसाठी रॉबिन आणि सँडपायपर या खास उथळ पाण्याच्या गनबोटी आणल्या होत्या. त्यांचा धाक पडला नाही का?

उत्तर : मुखत्रिकोण

धाक पडला, पण गनबोट नजरेआड होईपर्यंतच. त्या नौका सुमारे 85 टनांच्या होत्या आणि दोन फुटांच्या आसपास पाण्यातही चालत, म्हणजे आरमाराने उथळ नदीचा विचार केला होता हे खरे. पण हा त्रिभुज प्रदेश असंख्य फाट्यांनी विणलेला आहे. लुटीनंतर चाचे श्रीमंत चिनी उतारूंना ओलीस धरून एखाद्या फाट्यात शिरत आणि गावात नाहीसे होत. गनबोटीला गावात शिरता येत नाही, आणि गावकऱ्यांपैकी कोण चाचा आणि कोण शेतकरी हे तिच्या कप्तानाला कळण्याचा मार्ग नव्हता.

दुसरे कारण राजकीय होते आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. सायनामच्या घटनेनंतर ब्रिटनने पश्चिम नदीच्या पहाऱ्यासाठी दबाव आणला आणि 1907 च्या अखेरीस स्वतःच्या गनबोटींची गस्त सुरू केली. कॅन्टनच्या व्यापाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना हे आपल्या नदीवरील सार्वभौमत्वावरचे आक्रमण वाटले. व्यापाऱ्यांनी स्वशासन संघ स्थापन केला, निषेधसभा भरल्या आणि 1908 च्या प्रारंभी गस्त मागे घ्यावी लागली. चाच्यांचा सर्वांत जास्त त्रास याच व्यापाऱ्यांना होता, तरीही परक्या बंदुकीचे संरक्षण त्यांना नको होते. आपली नदी आपल्याच प्रशासनाने राखावी, ही त्यांची मागणी पूर्णपणे योग्य होती, असे मी म्हणेन.

हाच पेच पुढे हाँगकाँगजवळच्या बायस उपसागरात (आजची दाया खाडी) दिसला. पकडलेल्या बोटी तिकडे नेल्या जात, म्हणून 1927 च्या मार्चमध्ये ब्रिटिश आरमाराने किनाऱ्यावर उतरून घरे आणि होड्या जाळल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चाच्यांनी तिथे नेलेली आयरीन ही बोट एल-4 या पाणबुडीने तोफा डागून बुडवली. म्हणजे मार्चच्या जाळपोळीने चाच्यांचे येणे थांबले नव्हते.

तुमच्या मूळ प्रश्नापुरते सांगायचे, तर सर्व उपायांत मी धक्क्यावरच्या काटेकोर झडतीला पहिले स्थान देईन. चाचा बोटीवर चढला की पुढे फक्त लढाई उरते आणि त्या लढाईत उतारूच मरतात. मात्र वाटेत प्रत्येक गावी थांबून माणसे घेणाऱ्या लाँचला हाँगकाँगच्या धक्क्यासारखी झडती घेणे शक्य नव्हते, आणि म्हणून त्या पडावांतल्या गोरगरिबांच्या वाट्याला संरक्षण सर्वांत कमी आले.