तिकीटखिडकी का बंद करायची?

पायवाट:
‘पर्यटनस्थळांवरच्या तिकीटखिडक्या बंदच करा, ज्याला मोबाइल वापरता येत नाही त्याने घरी बसावं’ असं काल सडेतोड यांनी लिहिलं आणि त्यावर धडाधड +१ पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही. ई-तिकीट हवंच, पण खिडकीच्या जागी नको. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची, म्हणजे ॲन फ्रँक नाझींपासून लपून राहिली त्या घराच्या संग्रहालयाची, तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं खुली होतात. हे ज्याला ठाऊक नाही त्याने दारात येऊन करायचं काय?

सडेतोड:
चौकशी करून निघायचं. त्या घरात अरुंद जिने आणि लहान खोल्या आहेत, येईल त्याला आत सोडलं तर कुणालाच काही दिसणार नाही. मिलानला लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’ या भिंतीवरच्या चित्रासमोर १५ मिनिटंच उभं राहू देतात, कारण गर्दीबरोबर येणारी धूळ आणि दमटपणा त्या भिंतीला सोसत नाही. वेळ बांधून दिल्याशिवाय अशा जागा टिकणार कशा?

पायवाट:
ती वेळेची मर्यादा झाली. वेळ छापलेलं कागदी तिकीट खिडकीवरूनही देता येतं. दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

आगंतुक:
खिडकी आली की दलाल आलेच. म्हणूनच रोमच्या कोलोसियमच्या तिकिटावर २०२३ पासून नाव असतं आणि प्रवेशाला ओळखपत्र लागतं. सगळीकडे हेच करा.

उनाड:
नावाचं काढलंत म्हणून लिहिते. बहिणीने जुन्या खात्यावरून बुकिंग केलं, तिकिटावर माहेरचं आडनाव आपोआप भरलं गेलं. पासपोर्टवर सासरचं. गेटवरच्या माणसाने आधी एका आडनावावर, मग दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. क्यूआर खरा, पैसे भरलेले, फोटो तिचाच! पण नाव बदलता येत नाही, पैसे परत नाहीत, आणि दाद मागायला खिडकीच नाही. आम्ही आत, ती बाहेर बाकावर.

आगंतुक:
फॉर्म वाचून भरायला नको का?

उनाड:
लग्नानंतर तुम्हाला किती कागदांवर आडनाव बदलावं लागलं? मग बोला.

सडेतोड:
धागा तिकिटांचा आहे, आडनावांचा नाही.

उनाड:
तिकिटावर नाव तुम्हालाच हवंय, तेव्हा ऐकावं लागेल.

पायवाट:
उनाड यांच्याशी सहमत. आगंतुक, दलालांचं म्हणाल तर २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने कोलोसियमच्याच तिकिटांवरून कंपन्यांना दंड केला. सहल कंपन्या बॉट, म्हणजे आपोआप बुकिंग करणारे प्रोग्रॅम, लावून ऑनलाइन तिकिटं उचलत होत्या. खिडकीवरचा दलाल निदान एका वेळी एकाच रांगेत उभा राहतो.

आगंतुक:
म्हणूनच तर नाव हवं! नाव नसेल तर बॉटने उचललेलं तिकीट कुणालाही विकता येतं. क्यूआरमध्ये असतो तो नुसता क्रमांक. स्क्रीनशॉट दहा जणांना पाठवला तरी जो आधी स्कॅन करेल तो आत. उरलेले नऊ जण गेटवर भांडणार.

उनाड:
मग नाव ठेवा, पण चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून देणारा माणूसही ठेवा.

सडेतोड:
ठीक आहे, दुरुस्तीपुरता माणूस चालेल. रोजची थोडी तिकिटंही त्याच्याकडे द्या, वेळ छापलेली. यापुढे एक पाऊल नाही.

पायवाट:
त्यालाच खिडकी म्हणतात. आता ते ‘घरी बसावं’ तेवढं मागे घ्या.